गुडघ्याला गोळी देण्याआधी गाडीच्या क्लचकडे बघा



आजचा लेख डॉक्टरच्या ब्लॉगवर जरा विचित्र वाटेल, कारण तो निम्मा गुडघ्याबद्दल आहे आणि निम्मा गाडीच्या क्लचबद्दल. पण मागच्या काही वर्षांत गोंदियातल्या माझ्या ओपीडीत डावा गुडघा धरून आलेले इतके चालक मी पाहिले, की हा विषय आता मेकॅनिकवर सोडून देणं मला पटत नाही.

एका पेशंटपासून सुरुवात करतो. (ओळख पटू नये म्हणून पेशंटचे तपशील बदलले आहेत.) वय बावन्न, देवरीकडून गोंदियाला प्रवासी जीप चालवणारे. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डावा गुडघा लय दुखते जी. क्लच दाबला का कळ येते." दुखणं दोन वर्षांचं. दोन वर्षं रोज एक, कधी दोन वेदनाशामक गोळ्या, मेडिकलमधून स्वतःच घेतलेल्या. सोबत मधुमेह आणि ब्लडप्रेशर. गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये वयाच्या मानाने फार काही नव्हतं. रक्ताच्या तपासणीत मात्र क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. म्हणजे गुडघा बऱ्यापैकी शाबूत होता आणि किडनीला मार बसला होता.

मी विचारलं, "भाऊ, गाडीचा क्लच जड आहे का?" ते हसले. "जड? साहेब, नवा पोरगा तर दोन्ही पायानं दाबते तो." केबल शेवटची कधी बदलली, हे त्यांना आठवत नव्हतं. गाडी मालकाची होती. मालकाचं म्हणणं, गाडी चालते ना, मग कशाला खर्च?

केबल बदलायचा खर्च त्यांच्या काही महिन्यांच्या गोळ्यांपेक्षा कमी होता. ती वेळेत बदलली असती, तर एवढ्या गोळ्या कदाचित लागल्याच नसत्या. हे मला आजही टोचतं. त्याहून जास्त टोचतं ते हे, की त्याआधी कित्येक वर्षं मीही चालकांना "कुठे दुखतं" एवढंच विचारत होतो, "कोणती गाडी चालवता" हे विचारत नव्हतो.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने डॉक्टरांना सांगितलं, की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की आणखी एक प्रश्न विचारा, "तुझा धंदा कोणता?" तीनशे वर्षांनंतरही आम्ही तो प्रश्न विसरतो. माझं मत सरळ आहे: दुखण्याचं कारण गाडीत असेल तर आधी गाडीवर उपचार करा.

क्लच दाबताना पायात काय होतं?

क्लच दाबायचा म्हणजे आधी मांडी उचलायची, मग मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूने गुडघा सरळ करत पेडल रेटायचं आणि शेवटी घोट्याने पुढे ढकलायचं. हा मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीमार्फत जोर लावतो. गुडघा जितका जास्त दुमडलेला असताना आपण जोर लावतो, तितकी ही वाटी मागच्या हाडावर जास्त दाबली जाते. म्हणून वाटीचं दुखणं असलेल्या माणसाला जिना उतरताना, उकिडवं बसून उठताना आणि क्लच दाबताना, तिन्ही वेळेला त्याच जागी कळ येते.

आता हिशेब करू. समजा क्लच दाबायला 10 किलोचा जोर लागतो आणि दिवसभरात तुम्ही तो 500 वेळा दाबता. एकूण भार झाला 5,000 किलो, म्हणजे पाच टन, तोही एकट्या डाव्या पायावर. केबल खराब होऊन तोच जोर 15 किलो झाला, तर दिवसाचे साडेसात टन. जयस्तंभ चौक, गोरेलाल चौक, बाजारातली गर्दी, रेल्वे फाटक अशा रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला 500 वेळा क्लच दाबणं फार वाटणार नाही. आणि चिखलणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत ट्रॅक्टर फिरवणाऱ्याला तर बांधीच्या प्रत्येक कोपऱ्यावर क्लच लागतो. रोवणीचा हंगाम उरकला की माझ्याकडे ट्रॅक्टरवाल्यांचे गुडघे येतात, ते काही योगायोगाने नाही.

क्लच जड का होतो?

केबलच्या गाडीत पेडल केबल ओढतं. केबल गिअरबॉक्सजवळचा एक दांडा ओढते. तो दांडा बेअरिंग पुढे ढकलतो, बेअरिंग पोलादी पाकळ्यांच्या स्प्रिंगवर दाबतं आणि क्लच प्लेट सुटते. यात तीन ठिकाणी जोर वाढतो.

पहिलं, केबल. आतली तार गंजते, एकेक धागा तुटतो, अस्तर झिजतं आणि तार घासत चालते.

दुसरं, पेडलचा सांधा. पेडल ज्या पिनवर फिरतं तिथलं बुश कोरडं पडतं, धूळ बसते. बिजागरी कोरडी पडल्यावर दार जसं कुरकुरतं, तसंच हे.

तिसरं, क्लच प्लेटची झीज. प्लेट झिजत गेली की स्प्रिंगच्या पाकळ्यांची ठेवण बदलते आणि त्या दाबायला जास्त जोर लागतो. म्हणूनच जुन्या प्लेटची गाडी हळूहळू जड होते आणि नवीन प्लेट टाकल्यावर "गाडी एकदम लोण्यासारखी झाली" असं वाटतं.

हे सगळं इतक्या सावकाश होतं, की रोज चालवणाऱ्याला ते कळतच नाही. सवय होते. सवय झाली म्हणजे गुडघ्यालाही चाललं, असा आपला गैरसमज असतो. पायाची तक्रार मनापर्यंत उशिरा पोहोचते, एवढाच सवयीचा अर्थ.

घरच्या घरी काय करावं?

इथे खर्च न करता होणाऱ्या गोष्टी आधी सांगतो, कारण निम्म्या लोकांना एवढ्यानेच फरक पडतो.

1. सीट नीट लावा. क्लच पूर्ण तळाला दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. सीट फार पुढे असेल तर गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. फार मागे असेल तर पाय ताणून चवड्याने दाबावं लागतं, कंबर तिरकी होते आणि गुडघ्याऐवजी पाठ दुखते.

2. पायाखालची मॅट बघा. सरकून पेडलखाली गोळा झालेली मॅट क्लच पूर्ण दाबू देत नाही. ती ब्रेकखाली गेली तर काय होईल, ते सांगायला नको.

3. चप्पल बदला. घसरणाऱ्या चपलेत पाय स्थिर ठेवायलाच निम्मा जोर जातो. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला.

4. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. यात पायाचे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात आणि बेअरिंगही लवकर जातं. सिग्नलला किंवा फाटकावर गाडी न्यूट्रल करा आणि पाय खाली ठेवा.

5. पेडलच्या सांध्याला ग्रीस लावा. इंजिन बंद करून, खाली वाकून, जुनी धूळ पुसून थोडं ग्रीस. पेडलच्या रबरावर मात्र ते लागू देऊ नका. केबल जुन्या पद्धतीची असेल तर मेकॅनिक तिच्यात तेल सोडू शकतो. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलला तेल-ग्रीस करू नका; ती जड झाली असेल तर बदलणं हाच उपाय.

तुमची गाडी हायड्रॉलिक क्लचची असेल तर घरी खटपट नको. बऱ्याच गाड्यांत क्लचचं आणि ब्रेकचं ऑइल एकाच डब्यातून येतं. पेडल मऊ, स्पंजासारखं लागत असेल किंवा डब्यातलं ऑइल कमी होत असेल, तर तो तुमच्या ब्रेकचाही प्रश्न असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

पेडलमागची रबरी अडणी: माझं मत

आता एका घरगुती सुधारणेबद्दल, ज्याविषयी मला बरेचदा विचारलं जातं.

एक शिक्षिका माझ्या पेशंट आहेत. उंची कमी. पंचेचाळिशीत गाडी शिकल्या. क्लच तळापर्यंत न्यायचा म्हणून सीट इतकी पुढे ओढायच्या, की छाती जवळपास स्टिअरिंगला टेकायची. गुडघा दुखायचाच, पण मला जास्त भीती एअरबॅगची वाटली. छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान 25 सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडं जास्त अंतर हवं. त्याहून जवळ बसलेल्या माणसाला उघडणाऱ्या एअरबॅगचाच मार बसू शकतो.

क्लच पूर्ण सुटल्यानंतरही बऱ्याच गाड्यांत पेडल आणखी थोडं खाली जातं. तो शेवटचा प्रवास फुकटचा असतो. पेडलच्या मागे, फरशीवर, योग्य उंचीची रबरी अडणी बसवली तर पेडल तिथेच थांबतं. त्यांच्या मेकॅनिकने गाडी तपासून अशी अडणी नट-बोल्टने पक्की बसवली. तेवढ्याने सीट तीन बोटं मागे गेली, गुडघ्याचा बाक कमी झाला आणि दोन महिन्यांत दुखणं उतरलं. सोबत व्यायामही होता, हे सांगायला हवं.

म्हणून माझं मत असं: ही युक्ती वाईट नाही, पण ती काय करते हे समजून घ्या. अडणीने क्लच हलका होत नाही, फक्त पायाचा प्रवास कमी होतो. क्लच जड असलेल्या गाडीला अडणी लावणं म्हणजे ताप तसाच ठेवून थर्मामीटर लपवणं.

आणि ती चुकीची बसली तर धोका आहे. अडणी जास्त उंच झाली की क्लच अर्धवट सुटतो, गिअर टाकताना खरखर होते, प्लेट झिजते आणि चढावर गाडी अडते. काही नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टरच लागत नाही. तपासायची सोपी रीत अशी: मोकळ्या सपाट जागेत, हँडब्रेक लावून इंजिन चालू करा, क्लच अडणीपर्यंत दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली तर अडणी उंच आहे. अर्धा तास गाडी चालवून, इंजिन गरम झाल्यावर पुन्हा हेच करून बघा.

लाकडाचा ठोकळा, दोरीने बांधलेला रबराचा तुकडा, पेडलवर गुंडाळलेली सायकलची ट्यूब हे मी स्वतः गाड्यांमध्ये पाहिलं आहे. याला माझा ठाम विरोध आहे. सुटलेला ठोकळा ब्रेकखाली गेला, तर गुडघ्याचं दुखणं ही सगळ्यात लहान गोष्ट ठरेल. केबल ताणून पेडलचा मोकळा खेळ पूर्ण काढून टाकणं किंवा पेडलची स्प्रिंग काढणं, असले प्रयोगही नकोत.

ज्यांच्या पायात कायमचं अपंगत्व आहे, त्यांनी घरगुती जुगाडावर अवलंबून राहू नये. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, पण अपंग व्यक्तीसाठी गाडी अनुरूप करून घेण्याची वाटही आहे. आरटीओ कार्यालयात जाऊन रीतसर परवानगीने ते करा. पैशाची सोय असेल तर क्लच नसलेली गाडी हा सगळ्यात चांगला उपाय. 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ आली तेव्हापासून लहान गाड्यांतही आपोआप गिअर बदलणारी सोय अधिक सहज मिळू लागली आहे. आपल्याकडच्या ई-रिक्षालाही क्लच नाही.

दोष क्लचचा नसेल तर?

हा लेख वाचून प्रत्येक दुखण्याचं खापर क्लचवर फोडू नका. तीन गोष्टी आपल्या भागात मुद्दाम लक्षात ठेवायच्या.

पहिली, सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडून ते हाड खराब होऊ शकतं, आणि खुब्याचं दुखणं अनेकदा गुडघ्यात जाणवतं. एक पंचविशीतला टेम्पोचालक वर्षभर गुडघ्याला तेल चोळत होता. एक्स-रे खुब्याचा काढला तेव्हा खरं कारण सापडलं. वय कमी, गुडघा वरून चांगला आणि मांडी आत वळवताना दुखतं, तर खुबा तपासा आणि सिकलसेलची तपासणी करा. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ही तपासणी सरकारी केंद्रांत होते.

दुसरी, मधुमेह. काही जण म्हणतात, "साहेब, क्लचचा अंदाजच येत नाही आता. कुठे धरतो, कुठे सुटतो, कळत नाही." मेकॅनिक दोनदा क्लच ॲडजस्ट करतो, तरी तेच. अशा वेळी बधिर गाडी नाही, तळपाय असतो. मधुमेहाने पायाच्या नसा मंदावतात. मग क्लचचाच नाही, ब्रेकचाही अंदाज चुकतो. तळपायाला मुंग्या, जळजळ, चप्पल निसटली तरी न कळणं अशी लक्षणं असतील तर पायाची तपासणी होईपर्यंत प्रवासी गाडी चालवू नका. ही तपासणी नायलॉनच्या बारीक तारेने दोन मिनिटांत होते आणि दुखत नाही.

तिसरी, कंबर. कळ कमरेतून निघून गुडघ्याच्या खाली पोटरीपर्यंत जात असेल, पाऊल उचलताना पडत असेल, तर मूळ मणक्यात असू शकतं.

याशिवाय गुडघा सुजून गरम झाला, अडकून बसला, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असलं किंवा लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. पोटरीची अशी सूज रक्ताच्या गुठळीमुळे असू शकते. त्या पोटरीला मालिश तर अजिबात नको.

गोळ्यांबद्दल दोन शब्द

वेदनाशामक गोळी चार दिवस घेणं वेगळं आणि चार महिने घेणं वेगळं. मधुमेह, ब्लडप्रेशर किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. आणखी एक गोष्ट फार कमी चालकांना माहीत असते: स्नायू सैल करणाऱ्या आणि नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन रात्री महामार्गावर ट्रक चालवणं म्हणजे गुडघा वाचवून जीव धोक्यात घालणं. औषध घेताना "मी गाडी चालवतो" हे डॉक्टरांना आधी सांगा.

व्यायाम मात्र बिनधास्त करा. झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. त्यानंतर पाय सरळ ठेवून वीतभर उचला, तसाच धरा. लांबच्या फेरीत दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. करताना दुखणं वाढलं तर थांबा आणि विचारा.

आणि गाडीमालकांना

हा भाग चालकांसाठी नाही. त्यांना केबल बदलायची असते, पण गाडी त्यांची नसते.

मालक मंडळी, तुम्ही डिझेलचा हिशेब रोज ठेवता, टायर किती चालला ते लक्षात ठेवता. क्लच जड झाला आहे, असं चालकाने सांगितलं तर ते कामचुकारपणा समजू नका. एकदा स्वतः बसून वीस वेळा दाबून बघा. केबल ही झिजणारी वस्तू आहे, ती वेळेवर बदलली तर पुन्हा नवी मिळते. चालकाचा गुडघा आणि त्याची किडनी तशी मिळत नाही. आणि दुखऱ्या पायाचा चालक उशिरा क्लच दाबतो, अर्धवट दाबतो, चिडचिड करतो. त्याच गाडीत पंधरा प्रवासी असतात, कधी तुमच्या घरचीही माणसं असतात.

सुरुवातीला सांगितलेल्या जीपवाल्या भाऊंचं पुढे काय झालं, ते सांगतो. मी त्यांच्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली एक ओळ लिहिली: "गाडीची क्लच केबल आणि प्लेट तपासून घ्यावी." ते ती चिठ्ठी घेऊन मालकाकडे गेले. डॉक्टरने लिहिलंय म्हटल्यावर मालकाने गाडी गॅरेजला पाठवली. केबलचे निम्मे धागे तुटलेले होते. गोळ्या बंद झाल्या, गुडघा महिना-दीड महिन्यात बराच सुधारला. किडनी मात्र पूर्वीसारखी झाली नाही. ती आता आहे तिथेच टिकावी, एवढ्यासाठी ते दर तीन महिन्यांनी तपासणीला येतात.

त्यानंतर मी चालकांच्या केसपेपरवर एक प्रश्न कायमचा घातला आहे: गाडी कोणती, आणि क्लच कसा आहे? तुम्हीही दवाखान्यात याल तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी हे स्वतःहून सांगा.

काळजी घ्या. आणि आज गाडीत बसलात की आधी सीट नीट लावा.